बाकी सर्व नेहमीप्रमाणे

"वाच," सर म्हणाले. "मोठ्यानं वाच. काय करून ठेवलं तू, ते सगळ्यांना ऐकू येऊ दे."

मी वाचलं.

समोरच्या मशीनला झेंडूचा हार घातलेला होता. पडद्याच्या वरच्या कडेला हळदी-कुंकू लावलेलं. फोडलेल्या नारळाचं पाणी फरशीवर सांडलं होतं आणि मी अनवाणी त्यातच उभी होते. संस्थेच्या अध्यक्षांनी थोड्या वेळापूर्वी त्या मशीनचं बटण दाबलं होतं. टाळ्या झाल्या. फोटो झाला. मग दीड मिनिट काहीच झालं नाही. टाळ्या संपल्यावरचं दीड मिनिट फार लांब असतं. अध्यक्ष चेहरा हसरा ठेवून उभे होते. फोटो काढणाऱ्याचा मोबाइल वरच होता. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी आल्या आणि तिथंच थांबल्या. सरांनी दुसरं मशीन लावलं. तेच. तिसरं लावलं. तेच. तेव्हा ते माझ्याकडं वळले.

ओळीत लिहिलं होतं की मशीन एका डिस्कची वाट बघत होतं, ती डिस्क सापडली नाही. पुढं त्या डिस्कचा लांबलचक नंबर होता. मी ओळ वाचली. 'डिव्हाइस' हा शब्द मी माझ्या पद्धतीनं म्हटला. सरांनी तो त्यांच्या पद्धतीनं म्हणून दाखवला आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. अकरावीची पोरं मागं उभी होती. ती हसली. ओळीत काय लिहिलंय ते कुणी ऐकलं नाही. सगळं दुखणं त्याच ओळीत होतं.

"साहेब," सर अध्यक्षांना म्हणाले, "मेंढरं हाकणाऱ्याच्या पोरीला मशीन हाकायला दिल्यावर दुसरं काय होणार?"

अध्यक्षसुद्धा हसले. मोठ्यानं नाही. पाहुण्यांनी हसावं तेवढंच.

मला काही वाटलं नाही. उगाच धीराचा आव आणून सांगत नाही, खरंच काही वाटलं नाही. दात काढायचं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. मी हार बघत होते. एक झेंडू उलटा ओवला गेला होता. मीच सकाळी ओवला होता तो.

आखाडा बाळापूरच्या ज्युनियर कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. आहे म्हणू की होते, ते पुढं येईल. नोकरी कंत्राटी. दर जूनला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. नांदेडला राहून मी बीएस्सी केलं, कॉम्प्युटर घेऊन. आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. घरात मेंढरं. बाप मेंढरं राखतो, थोडी कोरडवाहू आहे ती माय बघते. मी रोज एसटीनं जाऊन येऊन करते.

सर म्हणजे संस्थेच्या सगळ्या शाखांचे संगणक विभागप्रमुख. ते आमच्याच गावचे. गावातलं चांगलं रान त्यांच्या घरचं. पिकं निघाली की आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्या बदल्यात धान्य देतात. फार जुनी पद्धत आहे आणि त्यात लाजायचं काही नाही. आम्ही काही मागायला जात नव्हतो. तरी धान्य घ्यायला मायसोबत गेलं की पायरीखाली थांबायचं. त्यांच्या घरची बाई पायरीवरून मायच्या पदरात जोंधळे ओतायची. एकदा आत टीव्ही लागला होता. मी दुसरीत असेन. बघायला म्हणून एक पायरी चढले. आतून एक कॉलेजातला पोरगा आला. तो आवाज चढवून बोलला नाही, मारलं नाही. नुसतं बोट खाली केलं आणि म्हणाला, "खाली."

मी खाली उतरले. तेच आमचे सर.

घरी आल्यावर बापानं मायला नाही, मला सांगितलं. "आपल्याला सांगितलं तेवढंच करावं बाय. जास्तीचं केलं की आपल्यावर येतं." बाप वाईट माणूस नाही. त्यानं जे बघितलं त्यातून त्यानं ते काढलं. माझ्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं, आणि मी हुशार समजली जात होते ती त्याच जोरावर. सांगितलेलं बराबर करणारी.

कॉलेजात लागल्यावर पहिल्याच दिवाळीच्या आधीची गोष्ट. प्रॅक्टिकल चालू होतं, एक वायर खराब झाली. मी लॅबमधलं कपाट उघडून दुसरी काढली. दुसरे दिवशी सर आले. त्यांनी मला कोरा कागद दिला आणि सांगितलं, लिही. मी लिहिलं: 'मी विचारल्याशिवाय कशालाही हात लावणार नाही.' खाली नाव, सही. तो कागद सरांनी कपाटाच्या दारावर चिकटवला. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून, नीट, ओळंब्यात. दोन वर्षं तो तिथं होता. अकरावीची पोरं यायची, वाचायची, बारावीला जायची, नवीन यायची, वाचायची. शिक्षिका येऊन जायच्या. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. मला सर 'ए' म्हणतात. प्राचार्य 'बाई' म्हणतात. शिपाई असलेले गंगाराम मामा 'ताई' म्हणतात. माझं अक्षर चांगलं आहे. कागद लांबूनही वाचता यायचा.

त्या कागदाची मला सवय झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघावं तसं मी त्याच्याकडं बघायचे.

गेल्या वर्षापासून संस्थेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर देतंय. ह्या वर्षी आमच्या वाट्याला अठरा आले. जुन्या मशीनवर नवं विंडोज ओढत नाही, म्हणून सरांनी लिनक्स टाकायचं ठरवलं. ते फुकट मिळतं आणि हलकं चालतं. सरांनी त्यांच्या केबिनमधल्या मशीनवर ते आधी नीट बसवलं, मराठी टायपिंग, पोरांचे प्रोग्रॅम, सगळं घातलं, आणि त्याचा एक नमुना पेनड्राइव्हवर घेतला. तो नमुना अठरा मशीनवर उतरवायचं काम माझं. सोबत एक कागद दिला. इन्स्टॉल कसं करायचं त्याच्या सूचना, मराठीत, सात. संस्थेच्या सगळ्या शाखांत हाच कागद जातो. खाली सरांचं नाव, पद, शिक्का.

कागद माझ्या पिशवीत आहे. पहिली सूचना पेनड्राइव्ह लावण्याची. दुसरी, डिस्क पुसून घेण्याची. तिसरी नमुना उतरवण्याची. चौथी, मशीन सुरू होताना जो छोटा प्रोग्रॅम लागतो तो टाकण्याची. पाचवी, मशीन बंद करण्याची. सहावीत लिहिलंय, 'बाकी सर्व नेहमीप्रमाणे.' सातवी अशी: 'मशीन पाहुण्यांच्या शुभहस्ते प्रथम सुरू होईल. तोपर्यंत कोणीही सुरू करू नये.'

आमच्याकडं हे असंच चालतं. बोअरवेलची मोटर असो, पिठाची गिरणी असो, पहिलं बटण पाहुण्यांनी दाबायचं. आधी कुणी चालू करून बघितलं तर उष्टं झाल्यासारखं वाटतं लोकांना. त्यामुळं अठरा मशीन तयार झाली आणि एकही मशीन कुणी चालवून बघितलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत मी अठराही उतरवली. चौथ्या मशीनला मला शंका आली होती. लिनक्समध्ये एफएसटॅब नावाची एक फाईल असते. लहानशी. चार-पाच ओळींची. मशीन चालू झालं की त्या फाईलमध्ये बघतं, आपली डिस्क कोणती, तिच्यावरचा कोणता भाग कुठं जोडायचा. प्रत्येक डिस्कला तिचा स्वतःचा नंबर असतो. डिस्क पुसली की नंबर बदलतो. म्हणजे अठरा मशीनच्या फाईलमध्ये वेगवेगळे नंबर पाहिजेत. पेनड्राइव्हवरूनच मी ती फाईल उघडून बघितली. सगळ्यांत एकच. केबिनमधल्या मशीनचा नंबर नमुन्यासोबत उतरून अठरा मशीनमध्ये बसला होता.

मला हे बीएस्सीला शिकवलेलं होतं. अर्धवट आठवत होतं, पण आठवत होतं. मी सरांना फोन लावला.

"सर, ती एफएसटॅब फाईल सगळ्यात सारखीच आली आहे. बदलायची का?"

"कागदावर हाय का?"

"न्हाई सर."

"मग काहून हात लावून राहिली?"

"सहावीत 'बाकी नेहमीप्रमाणे' लिहिलंय, सर. त्यात ते येतं का?"

"वाचता येतं ना तुला? लिहिलंय तेवढं कर. बाकीचं माझं मी बघतो."

फोन ठेवला. समोर कपाट. त्यावर माझ्या अक्षरातला कागद. मी मशीन बंद केली, एकेका पडद्यावर फडकं टाकलं, कुलूप लावलं, किल्ली गंगाराम मामांकडं दिली.

इथं माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. मला माहीत होतं. पुरतं नसेल, पण अंधारात हात घातला तर चटका बसेल एवढं माहीत होतं. अठरा फाईलींत अठरा नंबर टाकायला मला दोन तास लागले असते. मी टाकले नाहीत. सांगितलेलं तेवढंच केलं. सोमवारी त्याचंच बक्षीस मिळालं.

अध्यक्ष चहा न घेता गेले. ते गेल्यावर सरांनी लॅबचं दार लोटून घेतलं. खिशातून काळी डायरी काढली. पहिल्या मशीनसमोर बसले आणि मला म्हणाले, "तिकडं तोंड कर." मी कपाटाकडं तोंड करून उभी राहिले. मागं त्यांची बोटं किबोर्डवर चालली होती. मशीन एकदा बंद झालं, चालू झालं, आणि चालू झाल्याचा गोड आवाज आला. दहा मिनिटं लागली असतील. मग दुसरं. असं करत अठरा. मी तोपर्यंत उभीच होते. पोरांची मधली सुट्टी झाली, बाहेर गलका झाला, संपला. माझ्याच अक्षरातली ती ओळ मी किती वेळा वाचली सांगता येणार नाही. काही वेळानं अक्षरंही कुणा दुसऱ्याची वाटायला लागली.

पुढं दोन दिवसांनी हेडक्लार्कनी बोलावलं. टेबलावर टाईप केलेला खुलासा तयार होता. माझ्याच तोंडचा. 'मी, खाली सही करणारी, कबूल करते की माझ्या निष्काळजीपणामुळे व अज्ञानामुळे संस्थेची नाचक्की झाली. मी सूचनांचे पालन केले नाही.' खाली सहीला जागा.

"करून टाका सही," हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले. "जूनला ऑर्डर पाहिजे ना? एवढ्यात मिटून जाते गोष्ट. सर तसे मनाचे मोठे आहेत."

"सूचना तर मी पाळल्या," मी म्हणाले. "सातही."

"ते मला काय समजते? मला टाईप करायला दिलं, मी केलं."

मी सोमवारपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी दिली. खुलासा घडी करून पिशवीत टाकला.

घरी गेले तर बाप ओढ्याकडच्या बाभळीखाली मेंढरांना पाणी पाजत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. हातातल्या काठीनं मातीत रेघ ओढली, पुसली.

"सही कर," तो म्हणाला. "नोकरी ऱ्हायलेली बरी."

"मी न्हाई चुकले बा. म्हणजे चुकले, पर ह्यात लिहिलंय तशी न्हाई."

"मला काय कळत न्हाई व्हय? पर त्यांच्या रानात बसावं लागतंय आपल्याला."

मग तो एका मेंढीच्या खुरात अडकलेला काटा काढायला बसला. माझ्याकडं बघितलं नाही. मला त्याचा राग आला नाही. मला कशाचाच काही येत नव्हता त्या दिवसांत. जेवत होते, एसटी पकडत होते, पोरांची प्रॅक्टिकलं घेत होते. पोरं मशीन चालू करताना 'डिव्हाइस' म्हणायची आणि एकमेकांकडं बघायची. मी हजेरी घ्यायचे.

शुक्रवारी गंगाराम मामा झाडायला आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, "ताई, तुमचं एकटीचं न्हाई हे. डोंगरकड्याच्या शाखेत ती संगीता व्हती बघा. तिलाबी असंच घालवलं मागल्या साली."

संगीताला मी ट्रेनिंगला एकदा बघितलं होतं. सडपातळ, बोलायला भिणारी. तिचा नंबर मामांनी मिळवून दिला. मी फोन केला आणि नाव सांगितलं. पलीकडं लेकरू रडत होतं.

"काय झालं होतं तुझ्या वेळेस?" मी विचारलं.

"काही न्हाई ताई. मशीन चालू झाली न्हाईत."

"कागद होता का? सात सूचनांचा?"

"तुमाला कसं म्हाईत?"

"सहावी काय होती?"

"बाकी सर्व नेहमीप्रमाणे," ती म्हणाली. पाठ असल्यासारखी. "मी लई विचार केला ताई, नेहमीप्रमाणे म्हणजे काय. मला वाटलं सगळ्यांना म्हाईत असंल, मलाच न्हाई. म्हणून विचारलं न्हाई कोणाला. मग मी सही केली. माझं चुकलंच होतं ना?"

मी तिला सांगितलं. एफएसटॅब काय असते, त्यात काय लिहायचं राहिलं होतं, कुणी लिहायचं होतं. साधी गोष्ट, पाच मिनिटांत सांगून झाली. तोवर लेकराचं रडणं थांबलं होतं. मग ती म्हणाली, "एवढंच व्हतं?"

एवढंच होतं.

एक वर्ष ती बाई घरात बसून स्वतःला अडाणी समजत होती. नवऱ्यानं तसंच मानलं, सासूनं मानलं, गावानं मानलं. आणि गोष्ट चार ओळींची होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगात काहीतरी हललं. रडू नाही. बधिर हातात परत रक्त यायला लागलं की मुंग्या येतात, दुखतं, तसं. संगीताचं दुखलं तेव्हा मला माझं कळलं. आधी का कळलं नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी दुपारी लॅब रिकामी होती. मी कुणाला विचारलं नाही. एक नंबरचं मशीन चालू केलं, फाईल उघडली, नंबर वहीत उतरवला. दोन नंबरचं. तीन नंबरचं. सरांनी प्रत्येकात वेगळा नंबर भरला होता. त्यांना बराबर माहीत होतं. मग मी इंटरनेटवरून ह्या सिस्टिमच्या मूळ सूचना शोधल्या, इंग्रजी, कुणालाही वाचायला मोकळ्या. शब्दकोश घेऊन बसले. तिथं ह्या फाईलवर वेगळा मोठा भाग आहे. चौकट करून लिहिलंय की ही फाईल प्रत्येक मशीनसाठी वेगळी तयार करावी लागते, ती बराबर नसेल तर मशीन सुरू होणार नाही, आणि पुढं जाण्याआधी तपासा. नंबर कसा बघायचा, कुठं लिहायचा, उदाहरणासकट. आणखी दोन फायली सांगितल्यात. एकीत मशीनचं नाव, दुसरीत भाषा आणि किबोर्ड. सरांनी सगळं मराठीत आणलं होतं. फक्त ती चौकट आणली नव्हती. तिच्या जागी तीन शब्द टाकले होते.

मी चार पानं लिहून काढली. सात सूचनांच्या एकवीस झाल्या. कोणती फाईल, कुठं असते, ती कशासाठी, तिच्यात काय बदलायचं, बदललं नाही तर पडद्यावर काय दिसतं. ती काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ मी जशीच्या तशी लिहिली आणि खाली तिचा अर्थ मराठीत दिला. एक सूचना अशी घातली: 'पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मशीन एकदा चालू करून बघावे. पाहुण्यांनी नंतर पुन्हा बटण दाबले तरी चालते.' 'नेहमीप्रमाणे' हा शब्द कुठंही घेतला नाही. ती पानं मी मामांना वाचायला दिली. मामा सातवी शिकलेत. त्यांना विचारलं, कुठं अडलं? ते दोन ठिकाणी अडले. ती दोन ठिकाणं मी परत लिहिली.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर बसलेच होते. मी उभी. खुर्ची रिकामी होती.

"खुलासा?" प्राचार्यांनी हात पुढं केला.

मी चार पानं दिली. वर एक अर्ज. अर्जात लिहिलं होतं की मी दिलेल्या सातही सूचना पाळल्या, सूचनांत आवश्यक फायलींची पायरी नाही, शनिवारी फोनवर मी त्याबद्दल विचारलं, मला हात लावू नको म्हणून सांगण्यात आलं. हेही लिहिलं होतं की शंका असूनही मी गप्प बसले, ती माझी चूक, आणि ती मी परत करणार नाही. डोंगरकडा शाखेच्या सहायिकेला ह्याच कागदामुळं काढलं, तिचाही विचार व्हावा, असं शेवटी होतं.

प्राचार्यांनी वाचलं आणि सरांकडं सरकवलं. सरांनी वाचलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. मला वाटलं होतं बदलेल.

"हे काय नवं न्हाई," ते म्हणाले. "हे मला म्हाईतच आहे."

"तुमाला म्हाईत आहे सर. कागदाला म्हाईत नव्हतं."

"सगळंच कागदावर लिहिलं, तर मग मला कोण विचारंल?"

ते हे सहज म्हणाले. खोडसाळपणानं नाही. पंखा फिरत होता. प्राचार्यांनी मान खाली घातली. मला वाटतं त्या क्षणी सरांनाही ऐकू आलं आपण काय बोललो ते, कारण ते लगेच आवाज चढवून म्हणाले, "तू मला शिकवून राहिली का? कुठून उठून आली, आणि मला?"

"रविवारी कोण येणार होतं सर?" मी विचारलं.

"काय?"

"बाकीचं माझं मी बघतो म्हणाले होते तुमी. रविवारी लॅबची किल्ली मामांकडं होती. न्यायला कुणी आलं न्हाई."

रविवारी सर कनेरगाव नाक्याला लग्नात होते. मोठं लग्न होतं. अर्धं कॉलेज तिथं होतं, प्राचार्यही. केबिनमधल्या तिघांनाही ते माहीत होतं.

शेवटी प्राचार्य म्हणाले, "बाई, हे तुमी ठेवा. मी हे न्हाई घेत. खुलाशावर सही करा आणि विषय संपवा."

"सही न्हाई करत," मी म्हणाले. आवाज माझाच होता. फार मोठाही नव्हता.

मी बाहेर येऊन हेडक्लार्कच्या टेबलासमोर उभी राहिले. अर्ज आणि पानं ठेवली आणि म्हणाले, आवक करून घ्या. आमच्याकडं आलेला कागद आवक रजिस्टरला चढला आणि त्याच्यावर नंबर पडला की तो कागद आहे. नाही चढला तर तो कधी आलाच नाही. ते म्हणाले, साहेबांना विचारतो. मी म्हणाले, विचारा, मी उभी आहे. लोक येत गेले, जात गेले. बोनाफाईड, टीसी, शिष्यवृत्ती. मी बाजूला सरायचे आणि परत टेबलासमोर यायचे. उभं राहायची मला सवय आहे. सरांनीच लावलेली. जेवणाची सुट्टी झाली तरी मी उभी. दुपारी कधीतरी हेडक्लार्कनी इकडं तिकडं बघितलं, रजिस्टर ओढलं, नंबर टाकला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारला. मारताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, माझं नाव येऊ देऊ नका." पहिल्यांदाच मॅडम म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही.

तिथून मी लॅबमध्ये गेले. कपाटावरचा कागद काढला. चिकटपट्टी जुनी झालेली, रंगासकट निघाली. तो कागद फाडला नाही, घडी घालून ठेवला. पुरावा आहे तो. त्या जागी चार पानं लावली, एकवीस सूचनांची. अकरावीचं एक पोरगं बघत होतं. म्हणालं, "मॅडम, हे आमी वाचू का?" मी म्हणाले, वाच. अडलं तर मला विचार. नाही विचारलंस आणि अडून बसलास तर मात्र मी ओरडेन.

दुसरे दिवशी सकाळी पानं कपाटावर नव्हती. कुणी काढली मी विचारलं नाही. परत लावली. परत काढली. परत लावली. आता माझ्या पिशवीत वीस झेरॉक्स असतात.

जून येऊन गेला. बाकी सगळ्यांच्या ऑर्डरी आल्या. माझी आली नाही. नाही म्हणूनही कुणी कळवलं नाही. बापानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "सही केली असती तर." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. ह्या वर्षी मेंढरं कुणाच्या रानात बसवायची, ते तो बघतोय. मी त्याच्यासोबत दोन गावं फिरून आले. त्यानं मला येऊ नको म्हटलं नाही.

डोंगरकड्याला संगीताच्या घरी पानं मी स्वतः दिली. तिनं अंगणात बसून सगळी वाचली आणि नवव्या सूचनेत एक गोष्ट राहिल्याचं दाखवलं. खरंच राहिली होती. एकवीसच्या बावीस झाल्या. तिनं तिचा अर्ज लिहिला आहे. तो आवक करून घ्यायला आम्ही दोघी जाणार आहोत, आणि नंबर पडेपर्यंत हलणार नाही. कनेरगाव नाक्याच्या शाखेत ह्याच महिन्यात मशीन येणार आहेत असं कळलंय. तिथं कोण पोरगी किंवा पोरगा लागलाय, मला माहीत नाही. सरांचा कागद त्यांना मिळायच्या आधी आमचा मिळेल.

खुलासा अजून माझ्या पिशवीत आहे. संस्थेतून दोनदा निरोप आला, अजूनही सही करा, बघू. सहीची जागा कोरी आहे. ती कोरीच राहणार.